रूट कॅनाल केलेल्या दाताला तडा: स्कॅनवर किती विसंबायचं?

रूट कॅनालवरच्या लेखानंतर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आली आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत. दाताचं रूट कॅनाल झालं, काही वर्षं छान गेली, मग तो परत दुखायला लागला, डॉक्टर म्हणाले मुळाला तडा असेल, थ्रीडी स्कॅन म्हणजे सीबीसीटी करून आणा, आणि स्कॅन हातात आल्यावर गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणून यावेळी बाकीची पत्रं मागं ठेवून फक्त हाच विषय घेतेय.

प्रश्न : नमस्कार ताई, मी चाळीसगावला प्राथमिक शिक्षिका आहे. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल होऊन सहा वर्षं झाली, वर कॅप आहे. दिवाळीपासून त्या बाजूनं भाकरी चावली की बारीक कळ येते, हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, चार दिवस बरं वाटतं, परत येते. इथल्या एक्सरेत काही आलं नाही म्हणून जळगावला जाऊन सीबीसीटी केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की पुढच्या मुळात काळी रेषा दिसते, उभा तडा असण्याची शक्यता आहे, प्रत्यक्ष तपासणीशी पडताळून पाहावं. एक डॉक्टर म्हणतात दाढ काढून टाका, दुसरे म्हणतात ती रेषा खरी नाही, आपण रूट कॅनाल परत करू. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : मॅडम, दोघांचंही लगेच ऐकू नका. तुमच्या पत्रात एक्सरे आहे, स्कॅन आहे, दोन मतं आहेत, पण त्या दाढेभोवतीच्या हिरडीत प्रोब म्हणजे खोली मोजायची बारीक सळई घालून कुणी मोजलं का, याचा एक शब्द नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यानंही तुम्हाला तेच सांगितलंय, प्रत्यक्ष तपासणीशी पडताळा. ते वाक्य लोक वाचतच नाहीत, "तडा" एवढा शब्द वाचतात आणि घाबरतात. खरं तर अख्ख्या रिपोर्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

आधी दुखतं का ते सांगते, कारण नस तर काढली मग कळ कुठून येते हे प्रत्येक जण विचारतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्या मधे एक पातळ पडदा असतो, त्याला स्वतःच्या नसा असतात आणि रूट कॅनालमध्ये त्याला कुणी हात लावत नाही. मुळाला उभा तडा गेला की तोंडातले जंतू त्या फटीत जाऊन बसतात, तिथं गोळीही पोचत नाही आणि ब्रशही पोचत नाही, मग शेजारचा पडदा सुजतो, हाड झिजायला लागतं आणि चावलं की कळ येते. ही कळ सहसा फार मोठी नसते, रात्रभर जागवणारी तर नसतेच, आणि म्हणूनच माणूस महिनोन् महिने दुसऱ्या बाजूनं जेवत राहतो आणि तोवर आत हाड जात राहतं.

आता एक्सरेत का आलं नाही. साधा एक्सरे म्हणजे सावली, त्यात पुढचं मागचं सगळं एकावर एक बसतं. मुळाचा तडा बहुतेक वेळा गालाकडून जिभेकडे असा उभा जातो, आणि किरण बरोबर त्याच रेषेत गेले तरच तो सावलीत उमटतो. दाराच्या फटीसमोर नीट उभं राहिलं तर पलीकडचा उजेड दिसतो, पाऊलभर बाजूला सरकलं की फट असूनही दिसत नाही, तसंच आहे हे. चार-पाच अंश इकडेतिकडे झालं तरी रेषा गायब. त्यात तुमच्या दाढेत रूट कॅनालचं पांढरं फिलिंग त्याच रेषेत उभं आहे, ते तड्यावर पांघरूण घालतं. त्यामुळे एक्सरे स्वच्छ आला म्हणून तडा नाही असं म्हणता येत नाही. ट्यूब थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवून दोन-तीन एक्सरे घेतले तर शक्यता वाढते, आणि हे कुठल्याही साध्या क्लिनिकमध्ये होतं, पण घाईत ते राहून जातं.

सीबीसीटीमध्ये मशीन डोक्याभोवती फिरतं, कोनाच्या आकाराचा किरणांचा झोत सोडतं, शेकडो चित्रं घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून तो भाग तिन्ही बाजूंनी उभा करतो. मग मुळाच्या आडव्या चकत्या करून वरून बघता येतात, एकावर एक सावली बसायचा प्रश्नच राहत नाही. ज्या दातात काही भरलेलं नाही त्यात तडा शोधायला हे फारच छान काम करतं. अडचण येते ती नेमकी रूट कॅनाल झालेल्या दातात, म्हणजे जिथं आपल्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते तिथंच. मुळात भरलेला गट्टा पर्चा म्हणजे तेच पांढरं फिलिंग, त्यावरची धातूची कॅप, आत कॅपला आधार म्हणून घातलेला पोस्ट म्हणजे छोटा खुंट असेल तर तो, हे सगळं किरणांमधला हलका भाग शोषून घेतं आणि फक्त जोरकस भाग पुढं जाऊ देतं. कॉम्प्युटरचा हिशोब तिथं चुकतो आणि फिलिंगच्या आजूबाजूला काळे पट्टे आणि पांढऱ्या तिरिपी उमटतात, ज्या दातात मुळी नाहीतच. हे काळे पट्टे फिलिंगपासून निघून मुळाच्या कडेकडे जातात. खरा तडा पण तिथूनच तसाच जातो. म्हणजे तुमचे दुसरे डॉक्टर रेषा खरी नाही म्हणतात ते काही हवेत बोलत नाहीत. पण रेषा खोटी असली तरी तडा नाही हे त्यातून सिद्ध होत नाही ना, आणि तेवढ्यावर परत रूट कॅनाल करायला घेणं मला पटत नाही. खरंच तडा असेल तर दुसऱ्यांदा केलेलं रूट कॅनाल शंभर टक्के वाया जाणार, पैसा जाईल, वेळ जाईल आणि तेवढ्या महिन्यांत हाड अजून जाईल.

तर आता काय करायचं. प्रोब ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट बारीक सळई असते, ती दाताभोवती हिरडीच्या आत हळूच फिरवत मोजत जायचं. निरोगी जागी ती साधारण दोन-तीन मिलिमीटर आत जाते. तडा असलेल्या मुळाशी ती एका जागी एकदम सात-आठ किंवा त्याहून खोल जाते आणि जरा बाजूला सरकवली की परत तीनवर येते. असं एकाच ठिकाणचं अरुंद खोल पॉकेट सापडलं, आणि दाताचं रूट कॅनाल झालेलं आहे, तर तड्याचा संशय खूप पक्का होतो. हिरड्यांच्या नेहमीच्या आजारात पॉकेट रुंद असतं, आजूबाजूच्या दातांनाही असतं. मोजायला लागतात दोन-चार मिनिटं आणि खर्च जवळपास काही नाही, म्हणून मला इतकी तळमळ वाटते की हे आधी व्हायला पाहिजे, स्कॅननंतर आठवून नाही.

दुसरं, तुमची पुटकुळी नेमकी कुठं येते ते आरशात बघून डॉक्टरांना दाखवा. रूट कॅनालच फेल झालं असेल तर ती बहुतेक मुळाच्या टोकाच्या बाजूला, हिरडीत खोलवर येते. तड्याची पुटकुळी पुष्कळदा हिरडीच्या काठाजवळ असते, कधी कधी गालाच्या आणि जिभेच्या दोन्ही बाजूंनी एकेक असते. ती फुटलेली असताना तिच्या तोंडातून गट्टा पर्चाची बारीक काडी आत सरकवायची आणि एक्सरे काढायचा, काडी मुळाच्या टोकाला पोचली तर दोष टोकाशी, मधेच मुळाच्या कुशीला थांबली तर तड्याकडे बोट. आणि दाढेच्या एकेका उंचवट्यावर चावायला देऊन बघतात, कुठल्या टोकावर दाब पडला की कळ येते किंवा दाब सोडताना येते का, तेही बघून घ्या.

एवढं करूनही नक्की होत नसेल तर कॅप काढून, आतलं फिलिंग थोडं रिकामं करून मायक्रोस्कोपखाली बघतात, मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग लावला की तो फटीत जाऊन रेषा उठून दिसते. तरी शंका राहिली तर भूल देऊन हिरडी जराशी बाजूला करून मूळ थेट डोळ्यांनी बघायचं. तडा आहे हे खात्रीनं तेव्हाच कळतं जेव्हा तो दिसतो, बाकी सगळे पुरावे जमवत नेणं असतं. रूट कॅनालचे स्पेशालिस्ट हे करतात.

आणि समजा पुढच्या मुळाला तडा निघालाच, तर अख्खी दाढ गेली असं धरून चालू नका. खालच्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात. मागचं मूळ आणि त्याभोवतीचं हाड चांगलं असेल तर दाढ मधून कापून फक्त तडकलेला अर्धा काढता येतो आणि उरलेल्यावर कॅप बसवता येते, प्रत्येक केसमध्ये जमत नाही पण विचारायला काहीच हरकत नाही. फक्त तडा नक्की झाल्यावर बघू नंतर म्हणून सहा महिने लांबवू नका, कारण गालाच्या बाजूचं हाड पातळ असतं, ते सगळ्यात आधी जातं आणि मग पुढं इम्प्लांट म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात बसवायचं म्हटलं तर त्याला धरायला जागाच उरत नाही.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर्ड. एका दाढेसाठी आधी छोटे एक्सरे, मग पूर्ण जबड्याचा ओपीजी, मग सीबीसीटी असं सगळं झालं, आता परत सीबीसीटी करा म्हणतात कारण पहिला हलला. घरचे म्हणतात एवढ्या रेडिएशननं कॅन्सर होईल. खरं काय?

उत्तर : काका, घरच्यांची काळजी चुकीची नाही, पण आकडे बघितले की भीती जागेवर येते. आपण कुणीही काहीच केलं नाही तरी जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून वर्षाला जगभराच्या सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट रेडिएशन अंगावर येतंच. एका छोट्या डेंटल एक्सरेचं ते काही मायक्रोसिव्हर्ट, ओपीजीचं साधारण दहा ते पंचवीसच्या आसपास, आणि दोन-चार दातांपुरत्या छोट्या सीबीसीटीचं काही दहापासून शंभरच्या आसपास, मशीन आणि सेटिंगप्रमाणे कमी जास्त. पूर्ण चेहऱ्याचा मोठा स्कॅन केला तर ते काहीशेपर्यंत जातं. म्हणून तुम्ही सेंटरवर एकच गोष्ट ठासून विचारा, की माझ्या एका दाढेसाठी छोट्या भागाचाच स्कॅन घेताय ना. छोट्या भागाच्या स्कॅनमध्ये चित्रसुद्धा जास्त बारीक येतं, तड्यासाठी तर तेच लागतं, दोन्ही जबड्यांचा मोठा स्कॅन काढून त्यात केसासारखा तडा शोधण्यात काही अर्थ नाही.

पहिला हलला म्हणून परत करायला सांगितलं ते बरोबरच आहे. स्कॅन दहा ते तीसेक सेकंद चालतो, तेवढ्या वेळात हनुवटी हलली किंवा आवंढा गिळला तरी चित्र धूसर होतं, आणि धूसर चित्रात तड्याबद्दल काहीही बोलणं हा नुसता अंदाज झाला. यावेळी बसल्यावर मान टेकवा, दात जसे ठेवायला सांगतील तसे ठेवा, श्वास नाकानं हळू घ्या. भारतात असं मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची परवानगी लागते, ती आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि चांगलं सेंटर ते आनंदानं दाखवतं.

तुम्ही पत्रात विचारलंय की पूर्वी हे एवढं कुठं होतं. राँटगेननं १८९५ च्या नोव्हेंबरात एक्स किरण शोधले आणि दोनेक महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीत ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा पहिला एक्सरे घेतला, त्यासाठी तो २५ मिनिटं किरणांखाली पडून होता. आज तेच काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं.

प्रश्न : ताई, मनी वरनी दाढ दुखस, रूट कॅनाल करेल शे, डॉक्टर म्हणस पहिले थ्रीडी स्कॅन कर. स्कॅनना पैसा जास्त लागतस, कापूस अजून घरातच पडेल शे. स्कॅन करा शिवाय दुसरा इलाज शे का नही? (पारोळा तालुक्यातून एक शेतकरी)

उत्तर : भाऊ, शे ना. अगदी पहिल्या दिवशी स्कॅनची गरज नसते. आधी डॉक्टरांनी दाढ ठोकून बघायची, चावायला देऊन बघायची, प्रोबनं हिरडी मोजायची, आणि वेगवेगळ्या कोनांतून दोन साधे एक्सरे काढायचे, वर चाळीसगावच्या मॅडमना जे सांगितलं तेच. एवढ्यात पुष्कळ जणांचं निदान होतं. मुळाभोवती टोकापासून एका बाजूनं वर चढत गेलेली इंग्रजी जे अक्षरासारखी काळी सावली एक्सरेत दिसली आणि तिथंच प्रोब खोल गेला, तर स्कॅन त्यात फारशी भर घालत नाही. कधी तर तडा इतका उघडलेला असतो की दोन तुकडे एक्सरेतच वेगळे दिसतात.

अमेरिकेतल्या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या आणि डेंटल रेडिओलॉजीच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून जे मार्गदर्शन दिलं त्यातही हेच आहे, की तपासणी आणि साध्या एक्सरेनं तड्याचं नक्की होत नसेल तेव्हाच छोट्या भागाचा सीबीसीटी करावा. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, हे सगळं करून झालं का आणि स्कॅन काय ठरवायला हवाय. स्कॅन काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल तर तो पैसा वाचवा. धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथं तपासणी आणि एक्सरेचा खर्च बाहेरच्यापेक्षा कमी पडतो, कापूस विकायची घाई करून भाव पाडून घेण्यापेक्षा एक दिवस तिकडं जाऊन या. फक्त हिरडी सुजली, ताप आला किंवा तोंड उघडेना झालं तर थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे जा, पैशाचं नंतर बघता येईल.

प्रश्न : माझे वडील सत्तरीचे आहेत, आम्ही शहाद्याला राहतो. त्यांच्या वरच्या छोट्या दाढेत पोस्ट टाकून कॅप बसवलीय. तिथं सूज येते म्हणून स्कॅन केला, रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय फ्रॅक्चर नाही. तरी सूज जात नाही, औषध संपलं की परत येते. वडील तंबाखू खातात. आता स्कॅनवर विश्वास ठेवून गप्प बसायचं का?

उत्तर : नाही ताई, गप्प बसू नका. फ्रॅक्चर नाही असं लिहिलंय त्याचा अर्थ त्या चित्रात दिसलं नाही एवढाच घ्या. स्कॅनमधला एकेक ठिपका किती बारीक यावर सगळं असतं. छोट्या भागाच्या स्कॅनमध्ये तो साधारण ०.०७५ ते ०.२ मिलिमीटरचा असतो, आणि सुरुवातीचा तडा त्याहूनही बारीक असू शकतो, मग तो दोन ठिपक्यांच्या मधे विरून जातो. त्यात तुमच्या वडिलांच्या दातात धातूचा पोस्ट आहे. पोस्टनं चित्र सगळ्यात जास्त बिघडतं, त्याच्या भोवती जी चमक आणि काळोख येतो त्यात खरा तडा असेल तर तो झाकून जातो. मी तर म्हणेन पोस्ट असलेल्या दातात नुसतं फ्रॅक्चर नाही असं ठामपणे लिहिणंच बरोबर नाही, शेजारी एक ओळ पाहिजे की पोस्टमुळे एवढा भाग नीट वाचता आला नाही.

आणि वरची छोटी दाढ म्हणजे उपदाढ, ही तड्याच्या बाबतीत सगळ्यात नाजूक जागांपैकी एक आहे. तिचं मूळ गालाकडून जिभेकडे रुंद पण पुढून मागं एकदम अरुंद असतं, त्यात रूट कॅनालसाठी आतून कोरलेलं, मग पोस्टसाठी अजून कोरलेलं, भिंती पातळ होतात आणि रोजच्या चावण्याचा भार पोस्टवरून थेट मुळावर येतो. म्हणून सूज परत परत येत असेल तर स्कॅन काहीही म्हणो, तपासणी पूर्ण करून घ्या. स्कॅनमध्ये रेषा दिसली नसेल तरी मुळाच्या बाजूचं हाड कुठं खाल्लं गेलंय ते दिसतं, आणि माझ्या मते भरलेल्या दातात त्या काळ्या रेषेपेक्षा हाडाची ही खूण जास्त भरवशाची असते. मुळाच्या फक्त टोकाशी हाड गेलंय की गालाच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत पन्हळीसारखं गेलंय, हे रिपोर्ट देणाऱ्याला फोन करून परत बघायला सांगा, बहुतेक जण बघून देतात.

आता तंबाखूचं, हे तुम्ही सहज लिहिलंय पण मला ते तुमच्या प्रश्नाइतकंच महत्त्वाचं वाटतं. तंबाखूनं हिरड्यांचे आजार वाढतात आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणजे सूज दाताची की हिरडीची हाही घोळ होतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तंबाखू खाणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या तोंडातली कुठलीही सूज, चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर ती दातामुळेच आहे असं धरून चालायचं नाही. पूर्ण तोंड, जिभेच्या कडा, गालाच्या आतली बाजू, टाळू डॉक्टरांना दाखवून घ्या, गरज वाटली तर ते तुकडा तपासायला घेतील. या आठवड्यातच न्या त्यांना, बाकी सगळं त्यानंतर.

प्रश्न : मॅडम, मी धुळ्याला बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्कॅनमधली खरी तड्याची रेषा आणि फिलिंगमुळे आलेली खोटी रेषा वेगळी कशी ओळखायची? आणि मशीनमध्ये आर्टिफॅक्ट, म्हणजे असे खोटे पट्टे आणि रेषा, कमी करायचं बटण असतं ते दाबलं की प्रश्न सुटतो का?

उत्तर : बाळा, प्रश्न छान विचारलास. आधी हे लक्षात घे की आपण ज्याला गट्टा पर्चा म्हणतो त्या काडीत खरा गट्टा पर्चा म्हणजे झाडाचा चीक साधारण पाचवा भागच असतो, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड आणि एक्सरेत पांढरं दिसावं म्हणून घातलेलं बेरियमसारखं जड द्रव्य. जी गोष्ट एक्सरेत आपल्याला मदत करते तीच सीबीसीटीत त्रास देते.

एका चकतीवर कधीही निदान करू नकोस. आडव्या चकत्या एकेक करत वरखाली सरकव आणि रेषा सलग चालत राहते का ते बघ. खरा तडा थोडा वाकडातिकडा असतो, चकतीगणिक पुढं सरकतो, मुळाच्या बाहेरच्या कडेपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो, आणि जिथं तो बाहेर पडतो तिथं शेजारचं हाड गेलेलं असतं. खोटी रेषा सरळ असते, मुळाची कड ओलांडून हाडातही तशीच पुढं जाते, आणि शेजारच्या दुसऱ्या भरलेल्या दातातही तशाच दिशेनं दिसते. शेजारी भरलेला दात असेल तर आधी तो बघायची सवय लाव, बरंच काही कळून जातं. मूळ कलतं असतं म्हणून चकती मुळाच्या अक्षाला काटकोनात फिरवून घे, मशीननं दिलेल्या सरळ चकतीवर समाधान मानू नकोस. जमेल तिथं स्कॅनच्या आधी गट्टा पर्चा आणि धातूचा पोस्ट काढून मग स्कॅन केला तर चित्र खूप स्वच्छ येतं, पण पोस्ट काढताना नसलेला तडा पाडण्याचा धोका असतो, तो निर्णय सरांना विचारूनच.

त्या बटणानं चित्र दिसायला मऊ आणि स्वच्छ होतं हे खरं. पण तडा ओळखण्यात त्यानं खात्रीनं फायदा होतो असं अभ्यासांमधून दिसत नाही, उलट पट्टे पुसताना बारीक खरी रेषाही पुसली जाऊ शकते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघ. आणि पेशंटकडून पीडीएफ रिपोर्ट न मागता डायकॉम फाइल म्हणजे सगळ्या चकत्यांसकट मूळ स्कॅन असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह माग, छापलेल्या चार चित्रांवर तडा आहे किंवा नाही हे सांगणं पेशंटवर अन्याय आहे. वाचकांपैकी ज्यांना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय त्यांनीही सेंटरवरून हीच फाइल घेऊन ठेवावी, नुसता कागद घेऊन नाशिकला गेलात तर तिथं स्कॅन परत करायला सांगतील.

प्रश्न : रूट कॅनाल झालेल्या दातानं सुपारी, मटणाची नळी, भाजलेले हरभरे खाल्ले तर तडा जातो का? (अमळनेर)

उत्तर : जाऊ शकतो, विशेषतः कॅप न बसवलेल्या मागच्या दाढेला. लोक रूट कॅनालनंतर दुखणं थांबलं की कॅपला येतच नाहीत, वर्षभर तशीच दाढ वापरतात आणि मग एक दिवस हरभऱ्यावर कडकन आवाज येतो. तो बऱ्याचदा दाताच्या वरच्या भागाचा तुकडा असतो, मुळापर्यंत गेला नसेल तर वाचवता येतो, पण त्याच दिवशी दाखवा. मुळाचा उभा तडा मात्र असा एका घासात पडेलच असं नाही, आतून पातळ झालेल्या भिंतीवर वर्षानुवर्षं भार पडून तो हळूहळू पसरतो. सुपारी आणि नळी त्या बाजूनं फोडू नका. भरीत-भाकरी, शेवभाजी बिनधास्त खा. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो किंवा घरचे सांगतात रात्री दात खाता, तर डॉक्टरांना सांगा, रात्री घालायचा गार्ड मिळतो.

प्रश्न : मुळाला तडा नक्की झालाय. एका नातेवाइकानं सांगितलं की तो आता चिकटवता येतो, दात काढायची गरज नाही. करून बघू का? (नंदुरबार)

उत्तर : एकाच मुळाच्या दाताला उभा तडा नक्की असेल तर करू नका. चिकटवण्याचे प्रयोग झालेत, दात बाहेर काढून, जोडून परत बसवण्याचेही झालेत, काही दात काही वर्षं टिकलेतही, पण त्यावर भरवसा ठेवून हाड घालवावं इतका तो उपाय पक्का नाही. दात काढून घ्या आणि काढायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा की त्या जागी पुढं ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात, करायचा की इम्प्लांट, कारण इम्प्लांट करायचा असेल तर दात काढतानाच खड्ड्यातलं हाड जपावं लागतं. दात निघाला की तो तुम्हाला दाखवायला सांगा, तड्याची रेषा डोळ्यांनी बघून घ्या.